आधी त्यानं माफी मागावी

दिनांक २४ डिसेंबर १९९८, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. नाशिक बसस्थानकावर सायखेड्याच्या रांगेत आयटीआयचे निवृत्त निदेशक वामनराव खैरे अकरावे होते. त्यांच्या पुढे केकचा डबा घेतलेले एक ख्रिस्ती जोडपे उभे होते.

“मार्था, परत फिरू. आईच्या शवपेटीला दाऊदनं, सख्ख्या भावानं, मला खांदा देऊ दिला नव्हता!”

“अहो, चार वर्षं झाली त्याला.”

“आधी त्यानं माफी मागावी.”

“वधस्तंभावरून प्रभूनं क्षमा केली, तेव्हा कोण माफी मागत होतं हो?”

“मी काय प्रभू आहे?”

“प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की तुम्ही ओठ मिटता. शेजारी उभी असते मी, कळतं मला!”

“देवासमोर खोटं कसं बोलू?”

“मग खरं करा ना! बघा, गाडी लागली!”

रांग पुढे सरकली, तरी दोघे जागचे हलेनात. वामनरावांनीही त्यांना ओलांडले नाही.

“त्यानं दार लावून घेतलं तर?”

“तर त्याच्याच ओट्यावर बसून केक खाऊ! चढते मी.”

“अगं थांब, डबा इकडे दे! भावाकडे मी रिकाम्या हातानं जाऊ?”

कंडक्टरने त्यांना सायखेड्याची तिकिटे दिली: दोन.