बाबाराव सरदाराचा डबा

बसलात सगळे? मागच्यांनी पुढं सरका, पुढच्यांनी गप्पा आवरा! आणि गणूभाऊ, तुमचा मृदंग जरा मांडीवर झोपू द्या. तुम्ही छान वाजवता हो, पण आता मला वाजू द्या!

तर मंडळी, नाम घेऊन झालं, आता एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका — तुम्ही लगेच देता आणि चुकता! ज्यानं आपल्याला पोसलं, त्याच्याशी इमान राखायचं म्हणजे काय करायचं हो? त्याच्या पायावर डोकं ठेवायचं? की ते डोकं तिथंच सोडून यायचं?

हं! ऐका मग.

वणीच्या बाजूला कोळसा खाणीची वसाहत. तिथं बाबाराव पिंपळशेंडे राहायचा. माझा दोस्त आहे, म्हणून एकेरी बोलतो, राग मानू नका. खाणीत सरदार होता. सरदार म्हणजे घोड्यावर बसून तलवार फिरवणारा नव्हे हो! जमिनीखाली, अंधारात, पंधरा-वीस माणसांचा जीव ज्याच्या भरवशावर, तो सरदार. हातात काठी, टोकाला लोखंड. माणसं आत शिरण्याआधी यानं एकट्यानं पुढं जायचं आणि डोक्यावरचं छत ठोकून बघायचं. तुम्ही बाया माठ घेताना कशी टिचकी मारता? तसंच! खणखणीत वाजलं — या रे आत! बद्द वाजलं — मागं फिरा! तिथं साहेबाचंही चालायचं नाही.

चौतीस वर्षं बाबारावानं छत ठोकलं. मग रिटायर झाला. फंडाचे पैसे आले आणि क्वार्टर सोडायची नोटीस आली, दोन्ही एकाच महिन्यात! गावाकडं मोकळा प्लॉट होता. कौसल्याबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, घराचा नकाशा डोक्यात कधीच काढून ठेवलेला. ओटा कुठं, तुळस कुठं, न्हाणी कुठं! आयुष्यभर कंपनीच्या भिंतींना चुना लावला त्या माउलीनं. आता तिला स्वतःची भिंत हवी होती. चूक आहे का, सांगा?

पण झालं काय — एका लग्नात पंगतीला बाबारावाचा पुतण्या भेटला. शिरीष. पुण्यात नोकरी, तोंडात सदा ज्ञान! जिलबी खाता खाता म्हणतो, "काका, कोळशाचे दिवस भरले बरं का. आता सूर्याची वीज, वाऱ्याची वीज. कोळसा म्हणजे भंगार!"

अरे! ज्या कोळशानं तुझ्या काकाचं घर चाललं, तुझ्या कॉलेजची फी ज्या कोळशातून गेली, त्याला भंगार म्हणतोस? बाबारावाचा हात पानातच थांबला. मठ्ठा प्यायचा राहिला! घरी आला तो तणतणतच.

"कौसल्ये, ठरलं! फंडाचे सगळे पैसे कोळशाच्या कंपनीत टाकतो. शेअर घेतो! दाखवतोच त्या पोट्ट्याले!"

"आन् घर?"

"घर पाहू मंग. दोन-चार वर्षं भाड्यानं राहू."

ऐकलंत? लोक लोभानं शेअर घेतात, कोणी शेजाऱ्याचं बघून घेतो. हा भला माणूस शेअर घ्यायला निघाला — रागानं! कोळशाची इज्जत राखायला! मला तर हसूही येतं आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटतं.

वणीत प्रफुल्ल आस्वले म्हणून शेअरच्या कामाचा माणूस. त्याच्याकडून बाबारावानं एका मोठ्या खाजगी कोळसा कंपनीच्या शेअरचा कागद भरून आणला. फक्त सही बाकी. आणि दिवस कोणता? खंडेनवमी! पाटावर अवजारं मांडलेली — विळा, भाजी चिरायची पावशी, शिलाई मशीनची कात्री आणि मधोमध ती सरदाराची काठी. बाबारावानं कागद हळूच काठीशेजारी ठेवला. म्हणजे देवीचा आशीर्वाद, आणि कागद भरल्याचं बायकोला परस्पर कळवल्यासारखंही झालं! नवरे लोक हो, आपण असेच ना?

कौसल्याबाईनं काठीला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि कागद उचलून बाजूला ठेवला.

"त्याले कायले काढते? कोळशानं पोसलं आपल्याले!"

"पोसलं ना. मी कुठं नाय म्हनते? पन तुमाले रोज घरी कोनं आनलं? कोळशानं?" तिनं काठीवर हात ठेवला. "हिनं आनलं! मंग हा कागद ठोकून पायला का तुमी?"

बाबारावानं कागदाला पुन्हा हात घातला.

"माह्या डब्याची आठवन हाय ना?" ती म्हणाली.

आता हा डबा कोणता? ऐका. लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी बाबारावानं छत ठोकलं, तर बद्द! समोर कोळसा असा झकास, काचेसारखा चमकत होता. वरचा साहेब म्हणाला, दोन गाड्या भरून घ्या, मग निघा. माणसंही म्हणाली, भरू की! बाबाराव म्हणाला, "एकबी नाही! भायेर!" अठरा माणसं बाहेर हाकलली त्यानं. शिव्या खाल्ल्या. आणि कौसल्याबाईच्या माहेरचा पितळी डबा, तीन पुडांचा, नाव कोरलेला, आतच राहिला. परत जाऊन आणला नाही. संध्याकाळी घरी आला, तर ही चिडली — "डबा तेवढा आनता नाय आला?" तेवढ्यात शेजारीण धावत आली. दुपारी सगळं छत खाली बसलं होतं! ती माउली उंबऱ्यातच बसली आणि हमसून हमसून रडली. डबा गेला, कुंकू राहिलं!

तीच कौसल्याबाई आता म्हणते, "तवाबी कोळसा वाईट नोयता जी. छत बद्द वाजत होतं."

बाबाराव ताडकन उठला! देवीसमोरची काठी उचलली, कागद घेतला आणि तडक प्रफुल्लकडं. बिचारा प्रफुल्ल घाबरला, काका मारायला आले की काय!

"भिऊ नको. विचारतो त्याचं खरं सांग. कंपनी पैसा कमावते?"

"भरपूर, काका. डिव्हिडंड पण चांगला देते."

खणखणीत! खोटं कशाला बोलू मंडळी, आज कोळसा खपतो, आपल्या घरातला पंखा त्याच्यावरच फिरतो. बाबारावानं पुन्हा ठोकलं.

"वीस वर्षांनी हा कोळसा कोन घेईन?"

"ते... आत्ताच कसं सांगू काका? काही देशांनी कोळशाची वीजघरं बंद केलीत. नव्या खाणीला कर्ज द्यायला बऱ्याच बँका हात आखडतात. आपल्याकडं वेळ लागेल. दहा वर्षं, पंचवीस वर्षं, कोणालाच नक्की माहीत नाही."

"तुह्या बापाच्या घराचे पैसे टाकशीन याच्यात? सगळे?"

प्रफुल्ल भला पोरगा. त्यानं मान खाली घातली.

बद्द! चौतीस वर्षं तो आवाज ओळखणारा कान होता तो. बाबारावानं कागद मागं घेतला. पण लगेच उठला नाही. डोळे पुसले आणि म्हणाला, "प्रफुल्ल, एका डब्याएवढे टाक. तेवढेच. गेले तं मांगं वळून पाहनार नाही. पन नमस्कार केल्याबिगर मले निघता येनार नाही."

आणि बाकीच्या पैशाचं घर झालं! ओटा, तुळस, न्हाणी, सगळं कौसल्याबाईच्या मनासारखं. मी वास्तुशांतीला जेवून आलो, वरणात हिंग जरा जास्त होता, बाकी झकास! पंगत उठायच्या वेळी पुण्याहून शिरीषचा फोन. "काका, तुमचा तो शेअर वाढला की हो! मीच चुकलो. सगळे टाकले असते तर?"

मला वाटलं, आता बाबाराव हळहळणार. तुम्ही-मी हळहळलो असतो! पण तो हसला. म्हणाला, "बेटा, त्या दिवशी छत दुपारपर्यंत टिकलं होतं. मंग काय दुपारपर्यंत आत बसाचं होतं का?"

फोन ठेवला आणि कौसल्याबाईपुढं एक पुडकं ठेवलं. नवा पितळी डबा! तीन पुडांचा, तिचं नाव कोरलेला. ती बोलली काय? "कल्हई बरी नाय." आणि पदरात तोंड लपवून आत पळाली!

विठ्ठल, विठ्ठल! हसता काय? उद्या खंडेनवमी आहे. विळा पुजाल, कोयता पुजाल, आणि ज्याच्यावर बोट दाबून शेअर घेता तो मोबाईलही पाटावर ठेवाल. खुशाल ठेवा! ज्यानं पोसलं त्याला हात जोडा — कोळसा असो, शेत असो, नोकरी असो. पण जोडलेले हात सोडलेत, की एकदा छत ठोका. मी विचारत नाही तुम्ही कुठं काय टाकलंय. मला तो हिशेब नको! एवढंच स्वतःला विचारा — उद्या "भायेर!" अशी हाक आली, तर आत फक्त डबा राहील, की डब्याच्या धनिणीचं घरही?

घ्या गणूभाऊ, उठवा आता मृदंग!