चप्पल काढून बघायचं मशीन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संस्थापक माननीय बाळासो आण्णा, आदरणीय प्राचार्य साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, आणि मागच्या दारापाशी उभं राहून नाश्ता नक्की कधी सुटणार याचा अदमास घेणाऱ्या माझ्या विद्यार्थिमित्रांनो,

आत्ता माझ्याविषयी जे बोललं गेलं ते ऐकून, हा रुद्रय्या मठपती कोण, त्याला एकदा भेटायला पाहिजे, असं मलाच वाटू लागलं. शाल दिलीत, नारळ दिलात, आभारी आहे. निरोपाला गोड बोलायचा रिवाज असतो. पण मी गडहिंग्लजकडचा माणूस, आमच्याकडच्या मिरचीचा ठसका तुम्हाला ठाऊक आहे.

प्राचार्य साहेब आत्ता म्हणाले, आपलं कॉलेज मुलांना हातानं काम करायला लावून घडवतं. माहितीपुस्तकावरही तेच छापलंय, शेजारी सीएनसी मशीनचा रंगीत फोटो. पाहुण्यांसाठी सांगतो, सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकमावर लोखंड कापणारं मशीन. माझ्या वर्कशॉपमध्ये ते दोन हजार साली आलं. आण्णांनी नारळ फोडला. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला, मुलांनी हात लावायचा नाही, खराब होईल. चप्पल बाहेर काढायची, दोरीच्या अलीकडून बघायचं, सही करायची, झालं प्रात्यक्षिक. खंडेनवमीला झेंडूची माळ, हळदकुंकू. मला सांगा, देवळातला देवसुद्धा वर्षातून एकदा पालखीत बसून बाहेर पडतो की नाही? हा आमचा देव चार वर्षं जागचा हलला नाही. दर बैठकीत मी हे बोललो. दर वेळी चहा आला आणि पुढचा विषय सुरू झाला.

मग परीक्षेला मुलांनी 'बनवलेला' जॉब, म्हणजे मशीनवर कापून घडवलेला लोखंडी भाग, येतो कुठून? उद्यमनगरातल्या दुकानातून. तयार, पॉलिश मारलेला. बाहेरून आलेले परीक्षक तो हातात घेऊन 'वा, वा' म्हणतात आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारायला जातात. मी शाकाहारी आहे, पण मला शिसारी येते ती मटणाची नव्हे.

आता पवित्राचं सांगतो. पवित्रा आपल्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, नेसरीची. घरातली पहिली इंजिनिअर. गेल्या मंगळवारी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिची मुलाखत होती. मुलांना घेऊन मीच गेलो होतो. तोंडी प्रश्नांना तिनं फाडफाड उत्तरं दिली. मग तिथल्या सुपरवायझरनं अगदी आपल्यासारखंच मशीन दाखवलं आणि म्हणाला, "चालू कर बघू."

पवित्रानं काय केलं? त्यांनी घालायला दिलेले जाड बूट काढून बाजूला ठेवले. लोखंडाच्या किसात अनवाणी उभी राहिली आणि तिचे हात आपोआप जोडले गेले.

हसताय? कारखान्यातली माणसंही हसली. एकटा तो सुपरवायझर हसला नाही. म्हणाला, "अगं बाई, पाय कापून घेतीस काय? पायात घाल आधी. हितं देव न्हाय, मशीन हाय. कॉलेजात न्हाय व्हय असलं?"

ती म्हणाली, "आहे सर. आम्ही बघितलंय."

माझी मान खाली गेली. त्या माणसानं मात्र माणुसकी दाखवली. "सोमवारी परत ये," म्हणाला, "सोताच्या हातानं एक जॉब काढून आण. मग बघू."

मी तसाच प्राचार्य साहेबांकडे आलो. साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येतेय, तोवर मशीनवर ओरखडा नको. याच व्यासपीठावर बसलेल्या एका सन्माननीय सहकाऱ्यानं तर मला कोपऱ्यात घेऊन सल्ला दिला, "मठपती, कशाला डोक्याला ताप? उद्यमनगरातून एक आणून द्या की पोरीला." नाव घेत नाही. ते आत्ता पाणी पिताहेत.

हा सल्ला मी पवित्राला सांगितलासुद्धा नाही. तीच आपणहून म्हणाली, "सर, दुकानातला नको. सोमवारी तिथं मला पुन्हा मशीनवर उभं करतील की." जे या मुलीला कळतं ते आपल्याला कळत नाही? कळतं. पण वरून कीर्तन आतून तमाशा अशी आपली रीत पडलीय, आणि मला तिची किळस येते. आईबाप पोर आपल्या हवाली करतात ते हात जोडायला शिकवा म्हणून नव्हे. ते तिला घरीच येत होतं.

तर आज शनिवार. माझी नोकरी संध्याकाळी पाचला संपते आणि तोवर वर्कशॉपचा चार्ज माझ्याकडे आहे. पवित्रा आत्ता या सभागृहात नाही. आमचे निदेशक पिराजीही नाहीत. दोरी मी सकाळीच सोडली. दोघं मशीनवर आहेत, पायात बूट घालून.

साहेब, बसा. पाच वाजायला अवकाश आहे.

तिचा पहिला जॉब वाया गेला, टूलही तुटलं. दुसरा मापात चुकला. मी शाल घ्यायला इकडे निघालो तेव्हा तिनं तिसरा लावला होता. होईल की नाही, मला माहीत नाही. पण जे होईल ते तिच्या हातचं असेल, आणि सोमवारी ती तेच घेऊन जाईल.

इतकी वर्षं सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाला लागलं असेल, अध्यक्षांचा मान राखण्यात काही उणं पडलं असेल, तर माझ्या वयाकडे बघून पोटात घाला. मशीनवर मात्र चांगला बोटभर ओरखडा पडलाय, मी बघून आलोय. त्याची माफी मी मागणार नाही. समिती आली की तिला आधी तो दाखवा. धन्यवाद.