"थकले, आसं लिही"

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मोहनराव, व्यासपीठावरील संचालक मंडळी, दवाखान्यातले माझे सहकारी, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या माझ्या बायांनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. आपल्या सहकारी संस्थेच्या दवाखान्यात मी इतकी वर्षं समुपदेशक होते, पण माझ्याबद्दल एवढं चांगलं आजच ऐकलं. आधीच निवृत्त व्हायला हवं होतं!

मात्र कौतुकाच्या ओघात अध्यक्षमहोदय हळूच सांगून गेले, की मनकर्णाबाई निघाल्या, आता बायांची गुरुवारची बैठकही बंद. आणि तिथं मी लिहिलेली बायांच्या बोलण्याची वही कार्यालयात जमा करावी. त्यावर बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

ही बैठक सुरू कुठं झाली? दुष्काळात संस्थेनं नांदूरघाटच्या माळावर चारा छावणी उघडली, तिथं. मी टेबल मांडून छापील प्रश्नावली भरत होते. 'गेल्या पंधरवड्यात किती दिवस उदास वाटलं?' समोर या छबुबाई. म्हणाल्या, "बाई, गुराचा डाक्टर रोज येतो, गाईच्या पाठीवरनं हात फिरवतो, आज कशी हाय म्हणून इचारतो. मला काहून कुणी इचारीत न्हाई?"

मला लाज वाटली. टेबल सोडलं आणि कडब्याच्या पेंढीवर जाऊन बसले. माणूस म्हणजे दुरुस्तीला आलेला पंप नव्हे, मनापासून ऐकणारा भेटला तर तो स्वतःला सावरतो, हे मानवतावादी मानसशास्त्र मी पुस्तकात शिकले होते. कळलं त्या पेंढीवर. कुणी घोळक्यात बोले, कुणी ओवी म्हणे, कुणी नुसतीच शेजारी बसे. गीताबाईंनी तर रिकामी बाज पुढ्यात ठेवली, वारलेला नवरा तिच्यावर बसलाय असं समजून त्याला मनसोक्त झापलं, आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या. छावणी उठल्यावर हीच बैठक दर गुरुवारी दवाखान्यात भरू लागली.

या बैठकीवर मी संशोधन लिहिलं, तेव्हा संस्थेच्या समितीनं विचारलं, 'यात आकडे कुठं आहेत? हे कसलं संशोधन?' अहो, वहीत मी लिहिलेला शब्द न् शब्द ज्या त्या बाईला वाचून दाखवला आहे. छबुबाईंबद्दल मी लिहिलं होतं, 'असहाय'. त्या भडकल्या. "ते काढ. मी थकले, आसं लिही." असहाय म्हटलं, की तिच्या वतीनं ठरवायला आपण मोकळे. थकलेल्या बाईला विचारावं लागतं. माझी ही चूक कुठल्या आकड्यानं दाखवली असती?

आपण प्रेमानं निरोप दिलात, मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. वही मात्र मिळणार नाही. ज्यांचे शब्द, त्यांची वही. ती आता छबुबाईंच्या पिशवीत आहे. वाचायची असेल तर अध्यक्षमहोदय, गुरुवारी त्यांच्या अंगणात या. बैठक तिथं भरणार आहे. खुर्ची नसेल, पण तुम्ही कसे आहात, हे तुम्हालाही कुणीतरी विचारील.