लुंबिनी सिस्टर आमच्या दारात

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या सरपंच शिवगंगाबाई, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, बदली होऊन उमरीला निघालेल्या आपल्या लुंबिनी सिस्टर, आणि समोर बसलेल्या मायबापहो!

मी रेवणप्पा, किराणा दुकानदार. भाषणाची सवय नाही. तरी आज बोलायचं मीच मागून घेतलं. कारण करोनाच्या लशीच्या वेळी या गावात सिस्टरांना सगळ्यात जास्त वेळा कुणी परत पाठवलं? मीच.

चारदा आल्या. चारदा उंबऱ्यातूनच 'न्हाई' म्हणालो. पाणीसुद्धा विचारलं नाही. पाचव्यांदा लशीचा डबा न घेता एकट्याच आल्या. म्हणाल्या, "आज टोचायला आले न्हाई. का नको, तेवढं सांगा."

मग सांगितलं. शहात्तर साली, आणीबाणीत, मी आठ वर्षांचा असताना, माझ्या वडिलांना आठवडी बाजारातून सरकारी जीपमध्ये घातलं आणि नसबंदी करून सोडलं. अण्णा पुन्हा कधी बाजारात गेले नाहीत. सांगा, सरकारी माणसापुढं दंड कसा उघडा करावा?

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते चुकीचंच झालं." सरकारी माणसाच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

आठवड्यानं एक वरचे साहेब त्यांच्यासोबत आले. दारातच गरजले, "लस घेत नसाल तर राशन बंद!"

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, धमकी देऊन मी सुई टोचणार न्हाई. यांचा नकार लिहा, न्हाईतर माझ्याविरुद्ध लिहा."

साहेबांनी त्यांच्याविरुद्धच लिहिलं.

तेवढ्यात आतून माझी आई आली. गौरम्मा, वय अठ्ठ्याहत्तर. चोळीची बाही वर सारून म्हणाली, "मला दे, बाई. तवा आमच्या ह्यांना कुणी इचारलं न्हाई. तू इचारून राहिलीस."

लस घेतल्यावर आईला ताप आला. दोन दिवस सिस्टर सकाळ-संध्याकाळ येऊन बघून गेल्या. तिसऱ्या दिवशी मी दंड पुढं केला, तर म्हणाल्या, "रेवणप्पा, मनापासून घेताय ना?"

"हाव," म्हणालो.

मंडळी, वेळ दिलीत, उपकार झाले. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. पण सिस्टर, त्या साहेबांच्या लिहिण्यावरून तुम्हाला नोटीस आली, तेव्हा तुमच्या बाजूनं या गावातून एक अर्जही गेला नाही. माझाही नाही. त्याची माफी मी सभेकडं मागत नाही, तुमच्याकडं मागतो.