बाजेखालची शेगडी

नाही, तुम्हीच सांगा, पातेलं घेऊन कुणी बाळ बघायला जातं का? झबलं न्यावं, टोपडं न्यावं, काहीच जमलं नाही तर रिकाम्या हातानं जावं, बोटं मोडून दृष्ट काढावी आणि परत यावं! पण आमच्या कॉलनीत, तुम्हाला सांगतो, बाळ बघायला येणारी बाई दुधाचं पातेलं घेऊन यायची, कुणी पाण्याची कळशी घेऊन यायची, एक तर चक्क कुळीथ घेऊन आली. कुळीथ शिजायला किती वेळ लागतो ठाऊक आहे ना? आणि वर म्हणायच्या काय, "आबा, तुमचं एवीतेवी जळतंयच की!"

काय जळतंय? कुणाचं जळतंय? अहो, जीव जळतोय माझा!

थांबा, नीट सांगतो. आता मी पडलो सावकाश बोलणारा माणूस. दोन यत्ता शिकलो, तिसरीत मास्तरांनी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर अजून तोंडातच आहे. घरात माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलेला माणूस दाखवा. मी "अगं" म्हणेपर्यंत आमच्या मालनबाईचं बोलून, भांडून, रडून आणि परत चहा करून झालेलं असतं. आज तुम्ही सापडलाय, तर एका दमात ओकून टाकतो…

आमचा कानिफनाथ साखर कारखान्यात फिटर. त्याला कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं. पाथर्डीकडं आमच्या गावाला दुष्काळानं असं धरलं होतं, की विहिरीतले बेडूकसुद्धा गाव सोडून गेले, म्हणून आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी लेकाकडं आलो. खोल्या सिमेंटच्या, वर स्लॅब. नियम काय, तर चूल मांडायची नाही. का? भिंती काळ्या होतात! रॉकेल रेशनवर, तेही आलं तर आलं. मग करायचं काय? सगळं विजेवर! भाकरी विजेवर, चहा विजेवर, अंघोळीचं पाणी विजेवर. त्याची एक सळई असते, ती बादलीत सोडायची, आणि पाणी तापलं का म्हणून कुणी बोट घातलं, की तो थेट दारात जाऊन पडतो. मी पडलो होतो. मालनबाई म्हणाली, "अवं, घरात इस्तू न्हाई आन् ह्याला घर म्हनायचं व्हय?"

तोवर सगळं ठीक होतं हो. मग आमची छबू आली. लेक. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच. आणि ते लेकरू, काय घाई झाली होती त्याला कोण जाणे, आठव्या महिन्यातच आलं. ऐन पौषात! एवढंसं. माझ्या तळहातावर डोकं, मनगटावर पाय. रडलं तर मांजराचं पिल्लू मोठ्यानं ओरडतं म्हणावं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजोबा, धूर याच्याजवळ फिरकू द्यायचा नाही. पण ऊब तुटता कामा नये. ऊब तुटली, तर माझ्या हातात काही नाही."

हे मी घरी येऊन सांगणार, तोवर गावाकडनं दगडाबाई हजर. ही आमची सुईण. अर्धं गाव हिच्या हातचं. उंबऱ्यातनंच ओरडली, "बाळंतीन निजलीया, आन् बाजंखाली इस्तू कुठाय? शेक कुठाय? धुरी कुठाय?"

आता आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवायचे, ओवा-शेपाची धुरी द्यायची, हे असतंच. पण सिमेंटात निखारे आणायचे कुठून? शेवटी कानिफनं विजेची शेगडी, ती लाल वेटोळ्याची, बाजेखाली सरकवली. बाज उंच हवी म्हणून पायांखाली विटा लावल्या. बटन दाबलं, वेटोळं लाल झालं. दगडाबाई वाकून बघते न बघते तोच, "आगं बया, राखच न्हाई हिला!" म्हणून तिनं मूठभर ओवा टाकला की वेटोळ्यावर! फाट्‌दिशी आवाज, निळा जाळ, आणि आमच्या क्वार्टरसकट अख्खी ओळ अंधारात! अंधारातनं दगडाबाईचा आवाज आला, "आता कशी, धुरी बेस लागली!"

फ्यूज बसला, धुरी बंद झाली आणि शेगडी जी लागली, ती लागलीच. दिवस नाही, रात्र नाही. भिंतीवर मीटर, मीटरात ती चकती, ती अशी फिरायची, अशी फिरायची, जत्रेतला पाळणा बरा!

महिना भरला. कानिफ पगार घेऊन आला आणि दारातच बसला. "आबा, पगार झाला." म्हटलं, "बरं झालं." म्हणाला, "बिलात गेला." वर साहेबानं बोलावून घेतलं होतं. कानिफनं साहेबाचा आवाज काढून दाखवला, नाकातला, "दुष्काळ आहे मिस्टर, धरणात पाणी नाही, वीज जपून वापरा! पुढच्या महिन्यात पुन्हा असंच झालं, तर लाईन कट!"

लाईन कट! साहेबाला काय जातंय म्हणायला? लाईन म्हणजे वेटोळं, आणि वेटोळं म्हणजे ऊब! मी एका दुपारी हळूच बटन बंद करून बघितलं. म्हटलं, ऊन आहे, थोडं वाचेल. जरा वेळानं बाळाचे पाय हातात घेतले, तर असे गार, जशी काही रांजणाशेजारची वाळू. ओठ निळसर. मी धावलो, तर बटन सापडेना! परत नाही त्या बटनाला हात लावला. ठरवलं, बाकी सगळं बंद, पण बाजेखालची शेगडी बंद नाही.

मग काय, दिवा बंद! उजेड आहे तोवर जेवायचं, उशीर झाला तर घास तोंडात गेला की नाकात, हे चाचपून बघायचं. सळई बंद! असल्या थंडीत गार पाण्यानं अंघोळ करून बघा एकदा. पहिल्या तांब्याला देव आठवतो, दुसऱ्या तांब्याला देवाची आई आठवते, आणि तिसरा तांब्या कुणी घेतलेला मी तरी बघितला नाही. आणि स्वयंपाकाची शेगडी बंद करायला निघालो, तर मालनबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. "अवं, बाजंखाली एवीतेवी जळतंयच की! त्येच्यावरच टाकते भाकरी!"

मी म्हटलं, "अगं…" तेवढ्यात तवा बाजेखाली!

काय सांगू तुम्हाला! वर माझी लेक निजलेली, लेकीच्या कुशीत नातू, आणि खाली म्हातारी पालथी पडून भाकरी उलटतेय. पिठलं रटरटायला लागलं, तशी छबू वरनं ओरडली, "आये, मी बाळंतीन हाय का पाटवडी? माज्या पाठीला लसनाचा वास यायलाय!" मालनबाई खालनं म्हणते, "गप पड. वाफंचा शेक चांगला असतो."

हे समोरच्या बनुबाईनं बघितलं. बनुबाई म्हणजे भिमाजीची बायको. भिमाजी कारखान्यात बॉयलरवर, आणि बायको त्याच्याहून गरम. बाळ बघायला म्हणून आली, पदराखालनं दुधाचं पातेलं काढलं. "तेवढं ऊन करून घेते आबा. तुमचं एवीतेवी जळतंयच की!" मी "नको" म्हणायला तोंड उघडलं. पण माझा 'न' बाहेर येतोय तोवर दुधावर साय आली, बनुबाई घरी गेली!

दुसऱ्या दिवशी सगळी ओळ! बाळ कुणासारखं दिसतं हे कुणी विचारीना, "आबा, म्होरं कुनाचा नंबर हाय?" हे विचारायला लागले. भिमाजी दाढीचं पाणी घेऊन यायचा. पाणी तापेपर्यंत बाजेच्या दोरीला ओले मोजे वाळत घालायचा. छबू म्हणाली, "आबा, हे भाऊजी मोजं घिऊन आले तर मी उठून पळून जाईन हां!" म्हटलं, "भिमाजी…" तर म्हणतो कसा, "असू द्या आबा, एवीतेवी जळतंयच की!"

अरे, जळतंय ते कुणासाठी? पातेलं वर बसलं की ऊब सगळी पातेल्याला, बाळाला काय? दुधाचा वास! बाळाचे पाय पुन्हा गार. मला रात्रंदिवस तेवढंच दिसायचं, ते पाय. मी मालनबाईला म्हटलं, हे एक वाक्य मात्र पुरं बोललो, "ह्या लोकांना न्हाई म्हन." तर ती म्हणाली, "बाळ बघाया आलेल्या बाईला न्हाई कसं म्हनायचं? लेकराला तळतळाट लागंल की!" आणि तोडगा काय काढला? स्वयंपाकाची जी शेगडी बंद केली होती, ती पण लावून बाजेखाली सरकवली! एक बाळाला, एक लोकांना! बनुबाईनं बाजेखाली वाकून बघितलं, हरखली, "अगंबाई, आता दोन-दोन जळत्यात की!" आणि ते कुळीथ आलं ना, ते ह्याच दिवशी आलं.

मीटर बघायला पुंजाराम आला. म्हटलं, सरकारी नाही पण कारखान्याचा तरी माणूस आहे, ह्याला सगळं समजावून सांगावं. "हे बघा पुंजाराम…" म्हणतोय, तोवर त्यानं जेवणाचा डबा शेगडीवर ठेवला. "लई गारठलाय आबा. एवीतेवी जळतंच हाय…" निवांत जेवला, हात धुतला, मीटर बघितलं, आणि मलाच म्हणतो, "आबा, लई वापर हाय हो तुमचा!"

व्हायचं तेच झालं. आमचं बिल दुप्पट! आणि सगळ्या ओळीचं? निम्म्यावर! का येणार नाही? त्यांच्या घरात पाणी प्यायलासुद्धा तापत नव्हतं! साहेबानं गेटवर भिमाजीला पुढं बोलावून सगळ्यांदेखत नारळ दिला. "ह्याला म्हणतात विजेची बचत!" आणि भिमाजीनं घेतला हो तो नारळ! फोडून खोबरं आमच्याकडंच घेऊन आला, भाजायला.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम शिडी घेऊन आला. माझ्याकडं बघेना. "आबा, हुकूम हाय," म्हणाला आणि खांबावर चढला. वेटोळं लालाचं तांबूस झालं, तांबसाचं काळं. कानिफ कामावर, सूर्य कलायला आलेला, वारं सुटलेलं. छबूनं बाळाला छातीशी आवळलं, पण तिचंच अंग हिवानं थरथरतंय. बाळ रडायचंसुद्धा थांबलं. ते रडलं असतं ना, तर बरं वाटलं असतं…

मी नुसतं बटन वर-खाली करून बघतोय. तेवढ्यात आमच्याकडंच मुक्काम ठोकून बसलेली दगडाबाई माझ्यावर खेकसली, "आबा, बंडी काडा!" मी म्हटलं, "का…" तिनंच ओढून काढली! लेकराला उघडं करून माझ्या उघड्या छातीवर पालथं घातलं, वरनं घोंगडी गुंडाळली. "आता बसा. हालला तर बगा!"

तुम्हाला सांगतो, आधी गार लागलं. चिमणी हातात धरल्यावर तिचं काळीज कसं फडफडतं, तसं त्याचं माझ्या छातीवर. मी श्वास घ्यायलाही भीत होतो. मग हळूहळू ते पाय… आधी एक, मग दुसरा… ऊन झाले हो. आणि पठ्ठ्यानं माझ्या छातीचा एक केस मुठीत धरून असा ओढला! डोळ्यांतनं पाणी आलं माझ्या. आता केस ओढला म्हणून आलं म्हणा, काहीही म्हणा.

डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, बाळ वजन धरतंय, अस्संच चालू ठेवा. झालं! तेव्हापासून मी असाच. छबू पाजते तेवढा वेळ सुट्टी, की परत "आबा, बसा!" मालनबाई म्हणते, "तुमाला तरी दुसरं काय काम हाय?"

तेही मी सोसलं असतं. पण परवा बनुबाई आली. धाकटीला कडेवर घेऊन. पोरीला सर्दी. म्हटलं, आता काय तापवायचंय हिला? लाईन तर तुटली! तर घोंगडीचं टोक उचललं आणि म्हणाली, "आबा, तुमी एवीतेवी बसल्यालेच हाय की!"

मी म्हटलं, "न…" पोरगी आत!

काल आणखी एक आलं. आता हे बघा, एक छातीवर, एक ह्या कुशीत, एक त्या कुशीत, तिघंही गाढ. मोठ्यानं हसू नका हो, उठतील! बाकी माझी काही तक्रार नाही. पोरं वाढतायत, ऊब जातेय कुठं? फक्त एवढंच सांगतो, शेगडी कितीही महाग पडली असली, तरी तिच्यावर कुणी मुतत नव्हतं!