आधी थोपटणं, मग दूध

मी मूळचा येडगावचा, धरणाच्या कडंला आमची जमीन, शाळा दुसरीपातूर, पण बैल माझ्याइतका कुणी जपला न्हाई. उपाशी बैल कधी औताला धरला न्हाई आन् उपाशी लेकराला कधी कशाला जुंपलं न्हाई, ही आमच्या घराची रीत, मी घातलेली.

नात माझी, स्वरा, आता चार वर्साची. तिला जन्माचा आजार हाय, सिस्टिक फायब्रोसिस, नाव पाठ व्हायला मला लई दिस लागलं. छातीतला कफ डिंकावानी चिकट, त्यात पोटातलं आंबट वर येतं. तान्ही व्हती तवा मुका घेतला की व्हट खारट व्हायचे, आमची म्हातारी म्हणायची दृष्ट लागलीया, पण ती ह्या आजाराचीच खूण व्हती. काय सांगू तुमाला, कफ सुटावा म्हणून पाठ थोपटायला दवाखान्यात शिकवलं, सूनबाई रोज करायची, पण मी म्हणायचो, मनीषा, आधी दूध पाज, उपाशीपोटी लेकराला बडवू नको. मग ती दूध पाजून मांडीवर पालथी घालायची, डोकं खाली, आन् थोपटायची. दूध वर यायचं, पोर ठसकायची, आमी म्हणायचो कफ पडतोय, बरं झालं. आन् सारखी छाती भरायची, ताप, पुण्याला अॅडमिट.

शेवटी डॉक्टरीणबाईनं इचारलं, आजोबा, थोपटता कधी? म्हणलं, पोट भरल्यावर, आमी लेकराला उपाशी ठेवणारी माणसं न्हाई. ती म्हणली, तेच आंबट दूध वर येऊन फुफ्फुसात उतरतंय, आधी थोपटा, मग पाजा, डोकं खाली नको, बसवून करा. म्हणलं, बाई, तुमी उपाशी लेकरू कधी हाताळलंय का? ती म्हणली, रोज.

तवापासनं सकाळी मीच थोपटतो, मनीषाला पोरीचं रडणं बघवत न्हाई. समोर दुधाचा पेला, झाकलेला. स्वरा इचारती, आबा, झालं का? थोडं राहिलंय, बाय. लबाड हायेस तू. हाय मी लबाड. आजार काय जायाचा न्हाई, पुण्याची खेपबी सुटायची न्हाई, पण छाती पयल्यावानी सारखी भरत न्हाई. खांदा लई दुखतो आता. आन् उपाशी लेकराला थोपटणं मला आजूनबी पटत न्हाई, म्हणून तिचं झाल्याबिगर मीबी चहा घेत न्हाई. मग ती पेला उचलती, मी कप. भूक अशीच लागू दे तिला, एवढंच.