पल्याडची सोयरीक

अहेरीच्या बस स्थानकावर दिव्यानी बाळाला पदराआड घेऊन पाजत होती. मागच्या बाकावर एक बाई, तिचा भाऊ आणि बाईची तरणी लेक येऊन टेकली.

“देवरावभाऊ, पोरगा कसा हाय ते मंग सांगजा. घर नदीच्या काठी हाय ना?”

“एकदम काठावर. धरणाचे दरवाजे उघडले का पल्याड भोंगा वाजते. आपल्या इथी पानी चुलीत शिरल्यावर समजते.”

“दोन्ही राज्याचे साहेब मिळून कायीतरी ठरवनार होते ना?”

“ठरवलं ना! एकमेकाले खबर द्याची म्हनून. चाय-भजे खाल्ले, गेले आपापल्या काठाले.”

“भागीरथा होती तवा बरं होतं. पल्याड नांदे, पन पानी सुटलं का पयला फोन माहेरी.”

“ते बाळंतपनात गेली, आन् त्याच पावसाळ्यात तिचे मायबाप खाटेवरच बुडाले. गावाले सांगाले कोनी नोतं.”

दिव्यानीनं बाळाला आणखी जवळ घेतलं.

“म्हनून आता गावाले माही उर्वशी दिसली?”

“लग्नाची तेच एक हाय ना, बाई. मले का गोड लागते?”

“तू बोल न वं, उर्वशी.”

“का बोलू? मामा, मले त्याइची भाषा नाई येत. नीळ्ळू म्हंजे पानी, एवढा एकच शब्द येते.”

“तेवढा पुरते, माय.”